आमच्या हातचं पाणी

"ढिवराची ना तू? मग जा, तांब्या भरून आण. तुमच्या हातचं चालतं."

सर हे भर वर्गात म्हणाले. रागाने नाही, उलट मेहेरबानी केल्यासारखे. शिपाई आला नव्हता आणि टेबलावरचा तांब्या रिकामा होता. वर्ग भरलेला. मुली चारच, त्यात भिंतीकडेला मी. मी उठले, व्हरांड्यातल्या माठातून पाणी आणलं, दोन्ही हातांनी पुढे केलं. सर वरून प्यायले, रुमालाने तोंड पुसलं आणि पुस्तक उघडलं.

"आज कथेचं रसग्रहण. कथा माझीच आहे. पण लेखक समोर बसलाय हे विसरा. मोकळेपणी बोला."

आणीबाणी नुकतीच उठली होती. तालुक्याचं कॉलेज नवं होतं आणि मी दिघोरीकडच्या एका खेड्यातून एसटीने यायची. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. याचं कौतुक घरी होतं, बाहेर नव्हतं.

आम्ही ढिवर. तळ्यातले मासे धरायचे, शिंगाडे लावायचे आणि गावात कोणाकडे लग्न निघालं की पाणी भरायचं. पाणी भरणं हा आमचा मान, असं म्हातारी माणसं सांगायची. आमच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं. लहानपणी मी हे इतर पोरांना छाती काढून सांगायची. ज्यांच्या सावलीचाही विटाळ धरायचे, त्यांच्या पोरांना तर मुद्दाम सांगायची. त्या फुशारकीची आज जास्त लाज वाटते. पाणी चालायचं, पण पाणी भरणारी बाई पंगतीत चालत नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

सर वाचू लागले. गोष्टीचं नाव 'तळ्याकाठची माउली'. एका गावात मोठ्या घरी लग्न. एक ढिवरीण दिवसभर पाणी भरते. दयाळू मालकीण संध्याकाळी तिला आपल्या हाताने अन्न देते. ढिवरीण ते घेऊन तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर येते. तिच्यामागे एक काळंकुळकुळीत, शेंबडं पोर. बाई घरी जात नाही. काठाशी बसते आणि सगळं अन्न माशांना घालते. मासे गोळा होतात. बाई मोठ्या घराकडे तोंड करून हात जोडते. संपली गोष्ट.

मी निम्म्यातच दगड झाले होते. त्या बाईच्या दंडावर गोंदलेला मासा होता आणि माशाला शेपूट नव्हतं. सरांनी लिहिलं होतं की ते अर्धवट गोंदण म्हणजे तिच्या अपुऱ्या आयुष्याची खूण.

अपुरं आयुष्य कसलं! माझी माय लहानपणी सुईला भिऊन गोंदणारणीच्या हातून पळाली होती, म्हणून शेपूट राहिलं. त्या दंडावर डोकं ठेवून मी वाढले. गोष्टीतली बाई माझी माय होती. शेंबडं पोर मी.

सर त्या मोठ्या घरच्या मालकिणीचे भाचे. त्या लग्नाला आलेले. संध्याकाळी पारीवर फिरायला गेले असतील, तेव्हा पाहिलं असेल.

"सांगा," सर म्हणाले, "तिने ते अन्न तळ्यात का टाकलं?"

एकजण म्हणाला, भूतदया. दुसरा म्हणाला, कृतज्ञता. मागून कोणीतरी म्हणालं, "मासे मोठे व्हाले पाह्यजे म्हणून, सर. मंग पकडाले सोपे." वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं. कृतीमागचा हेतू : भूतदया. संघर्ष : भूक विरुद्ध करुणा. प्रतीक : तळं म्हणजे माउलीचं अंतःकरण. आम्ही वहीत उतरवून घेतलं. मीही उतरवलं, अक्षर न बिघडवता.

"आणि आपल्यात तर जिवंत नमुनाच बसलाय," सर म्हणाले. "उभी राहा गं. तूच सांग. तुमच्या बाया असंच करतात ना? भोळ्या असतात."

मी उभी राहिले. सगळे वळून पाहत होते.

"हो सर."

"पाहा! अनुभवाचा शिक्का बसला."

"सर, अनुभवाचा वासबी येऊन राह्यला," मागच्या बाकावरून आवाज आला.

या वेळी वर्ग जास्त हसला. सर त्याला काही बोलले नाहीत. फक्त ओठ दाबून हसले आणि पान उलटलं.

वास येत असणार. सकाळच्या त्याच एसटीने माय झिंग्यांची टोपली घेऊन बाजाराला यायची. मी तिच्याजवळ बसत नव्हते. पुढे जाऊन बसायची, ओळखच नसल्यासारखी. कंडक्टर तिच्यावर खेकसायचा, टोपली टपावर टाक म्हणायचा, आणि मी खिडकीबाहेर पाहायची. तरी वास माझ्यामागे वर्गात आलाच. त्या दिवशी मी साडीचा पदर नाकाला लावून पाहिला आणि मला स्वतःचीच किळस आली. खरंच आली, खोटं कशाला बोलू?

आता त्या लग्नाचं सांगते. मी सहासात वर्षांची असेन. मोठ्या घराची मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, कायद्याने केव्हाच गेली होती, पण गावाच्या तोंडातून गेली नव्हती. मोठं घर म्हणजे मोठंच घर. माय उजाडायच्या आधी गेली. विहिरीवरून गुंड, म्हणजे पितळेची मोठी घागर, भरायचा, डोक्यावर घ्यायचा, मांडवामागच्या रांजणात ओतायचा. उन्ह डोक्यावर आलं, उतरलं, माय चालतच होती. मी मांडवाबाहेर बसून होते. आतून तुपाचा वास, बुंदीचा वास. पंगतीवर पंगत उठत होती. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मी ते गिळायची. कोणी मला हाकललं नाही, कोणी बोलावलंही नाही.

दिवेलागणीला मालकीणबाईंनी मायला हाक मारली. उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता. गड्याने त्यातला भात, वडे, बुंदी निपटून मायच्या गंजात, म्हणजे पातेल्यात भरलं. हाताने वाढलं वगैरे काही नाही. मायने गंज कपाळाला लावला. मी आनंदाने उड्या मारत तिच्या मागे निघाले. वरच एक लाडू होता, कोणीतरी अर्धा खाल्लेला. माझी नजर त्याच्यावर.

पारीवर आल्यावर माय वाट सोडून वळली. काठाशी उकिडवी बसली आणि गंज पालथा केला. सगळा भात पाण्यावर पसरला. मी किंचाळले. पाण्यात उतरून लाडू धरायला गेले. लाडू हातात येता येता विरघळला. मायने मला दंडाला धरून ओढलं आणि कानाखाली वाजवली. मग माती घेऊन गंज घासला. पुन्हा पुन्हा घासला. घरी येऊन आम्ही मीठ टाकून पेज प्यायलो.

ही चपराक सरांना दिसली नसेल का? दिसली असेल. गोष्टीत बसली नसेल.

त्या रात्रीपासून मी मायवर डूख धरून होते. ढिवराच्या पोरीला लाडू मिळत नाही आणि मिळाला तर आपलीच माय बुडवते, एवढंच मला कळलं होतं. तिने का टाकला, हे मी कधी विचारलं नाही. आता सरांनी विचारलं होतं, साऱ्या वर्गासमोर. आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं.

शनिवारी घरी माय जाळं सांधत बसली होती. मी विचारलं.

"माय, त्या लग्नाच्या दिवशी ते अन्न तळ्यात काहून टाकलं होतं तू?"

तिचा हात थांबला. "कोनं सांगतलं तुले?"

"पुस्तकात आहे. आमच्या सरांनी लिहिलं. तुझ्यावर."

"माह्यावर?" ती हसली, मग घाबरली. "फोटू हाय का?"

"फोटो नाही. तू माशांना जेवायला घातलं म्हणून लिहिलंय. तुझी दया."

मायने जाळ्यातली एक गाठ ओढून घट्ट केली. मग खालच्या आवाजात बोलली.

"मासोळ्यायची कायची दया वं? मासोळ्या आपुन विकतो. भूक लागली होती मले. दिसभर पोटात काही नव्हतं. मांडवाच्या मांगं उभी राहून मी एक घास खाल्ला. उष्ट्यातला. कोनाच्या दाताचा होता कोनाले मालूम. तो घास गळ्याच्या खाली उतरेच ना. अन् तू तं समोर नाचून राह्यली होती त्या लाडवासाठी." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हटलं, माह्या तोंडात गेला तं गेला. पोरीच्या तोंडात नाही जाऊ द्याचा. उष्ट्यावर वाढलेलं तोंड मोठ्याच्या समोर उघडत नाही. माह्यं कुठं उघडते?"

"मग घेतलंच का? नको म्हणायचं."

"नाही म्हनलं असतं तं तुह्या बाले तळ्यात उतरू देल्लं असतं का?"

आम्ही मासे धरायचो ते तळं कागदावर कोणाचंही असो, पारीवर हुकूम मोठ्या घराचाच चालायचा.

थोड्या वेळाने मायच म्हणाली, "सरले काही म्हनू नोको. आपल्याले त्यायच्यातच राहाचं हाय." मग पुन्हा जाळं उचलून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पर लिवलंच हाय तं बराबर तं लिवाचं."

मला त्या रात्री माझी शरम वाटली. एवढी वर्षं जिच्यावर दात खाल्ले तिने एका चपराकीने मला काय दिलं होतं ते मला माहीतच नव्हतं. आणि ते तोंड मी कशासाठी उघडलं होतं? हो सर म्हणायला.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. वाङ्मय मंडळाचं उद्घाटन होतं. कथेचं रसग्रहण एका विद्यार्थ्याने वाचायचं आणि ते मी वाचावं, अशी त्यांची इच्छा. "तुमच्या समाजातली मुलगी वाचेल तर परिणाम वेगळा होईल," म्हणाले. पाहुणे म्हणून मोठ्या घरचे मालक येणार होते, म्हणजे सरांच्या मावशीचे यजमान. मी लिहून नेलं. सगळं सरांचंच लिहिलं होतं, फक्त एक वाक्य माझं होतं. 'त्या बाईला भूक लागली होती.'

सरांनी ते लाल शाईने खोडलं. वर लिहिलं, 'ती आतून तृप्त होती.'

"भूक नको," ते म्हणाले. "भूक कथेच्या सौंदर्याला मारक आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. बाहेरच्या पोरांना ऐकू जावं म्हणून झाडाला भोंगा बांधलेला. मालक हार घालून बसले. सर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "आधी पाहुण्यांना पाणी दे. मग वाच."

मी पाणी दिलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं. "अरे, ही तर आपल्या ढिवराची पोर," ते प्राचार्यांना म्हणाले. "हिची माय आपल्याकडेच राबते. आपल्या अन्नावर वाढली ही."

आपल्या अन्नावर वाढली.

माझे कान तापले. तशीच माइकपाशी गेले आणि कागद उघडला. पहिलं वाक्य वाचलं, सरांचंच. 'प्रस्तुत कथेतील नायिका ही कृतज्ञतेची मूर्ती आहे.' दुसरं वाक्य तृप्तीचं होतं. ते तोंडातून निघेना. मी थांबले. सर मागून हळूच म्हणाले, "वाच."

मी कागदाची घडी केली. काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते, बोलणं चांगलंही झालं नाही. आवाज चिरका लागला आणि मधेच आपली बोली आली.

"सर, तिला भूक लागली होती. तिनं मासोळ्यायसाठी नाही टाकलं. अन्न उष्टं होतं. पत्रावळीतून निपटलेलं. तिनं त्यातला एक घास खाल्ला होता आणि तिला तो सोसला नाही, म्हणून पोरीच्या तोंडात तिनं जाऊ दिला नाही. हा हेतू. संघर्ष भूक आणि करुणेचा नाही, सर. तिचा आणि त्या घराचा आहे. नाही म्हटलं तर तळं बंद होते, म्हणून तिनं गंज कपाळाले लावला. आणि प्रतीक..." इथे मला शब्द सापडेना. "प्रतीक मले माहीत नाही. मले झापड बसली होती. ती खरी होती."

कोणी हसलं नाही. सर उठले. चेहरा लाल, आवाज मात्र वर्गातलाच.

"हा कलाकृतीचा विपर्यास आहे. गोष्टीतल्या बाईला कोणी आपली आई समजू नये."

"मग तिच्या दंडावरचा मासा कोणाचा आहे, सर?"

सरांनी मालकांकडे पाहिलं. मालक खाकरले. त्यांचा ग्लास रिकामा होता. सरांनी मला नेहमीसारखी हाताने खूण केली, पाणी. कदाचित मला तिथून घालवण्यासाठी केली असेल, कदाचित सवयीने. तांब्या माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे बांधले.

"माझ्या हातचं नाही मिळणार," मी म्हणाले. "आजपासून नाही."

मी हॉलमधून बाहेर पडले. टाळ्याबिळ्या काही नाहीत. मैत्रीण म्हणावी अशी एक होती, तिनेही मान खाली घातली.

फाटकापाशी झाडाखाली माय बसली होती. टोपली रिकामी, तिथेच थांबणाऱ्या सांजच्या एसटीची वाट पाहत. वर फांदीला भोंगा. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती डोक्यावरून हात फिरवेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"घासाचं काहून सांगतलं?" ती म्हणाली. "उष्टं खाल्लं म्हनून साऱ्या दुनियेले सांगतलं तू. घरातली गोष्ट होती ते. तुले एकलीले सांगतली होती."

तिची लाज मी चव्हाट्यावर मांडली होती. त्याशिवाय खरं सांगता येत नव्हतं, हे तिला कसं समजावणार? मलाच पुरतं समजलं नव्हतं. एसटी आली. मी पहिल्यांदा तिच्या बाजूला बसले, टोपली माझ्या पायांत घेतली. कंडक्टर टोपलीवरून ओरडला तेव्हा मी त्याला म्हटलं, "टोपलीचंही तिकीट काढलंय." माय गावापर्यंत बोलली नाही. मी रडले, पण तिथून उठले नाही.

त्या वर्षी मराठीत मी काठावर पास झाले. सरांनी वर्गात मला पुन्हा कधी उभं केलं नाही. तांब्या दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ लागले. गोष्ट पुस्तकात आहे तशीच राहिली. पुढे माझ्यामागच्या वर्गांनी फळ्यावरून तेच उतरवून घेतलं. हेतू, भूतदया.

उन्हाळ्यात मोठ्या घरी धाकट्या मुलाचं लग्न निघालं. गडी आमच्या दारात आला. "लग्नाचं पानी भराले बलावलं हाय," त्याने बाहेरूनच सांगितलं. बा उठून उभा राहिला. माय चुलीपाशी. मी दारात गेले.

"जेवाले बलावलं का?"

"काय?"

"पंगतीत. साऱ्यायच्या संगं. माह्या मायले पंगतीत बसवत असाल तं येतो. पाणी भराले नाही."

गडी हसला. मग त्याने मायकडे पाहिलं, ती मला रागावेल म्हणून. बासुद्धा तिच्याकडेच पाहत होता. तळं बंद होईल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माय उठली. कोपऱ्यातला गुंड तिने उचलला. मला वाटलं, निघाली. तिने तो पालथा घातला आणि पुन्हा चुलीपुढे बसली. माझ्याशी ती अजूनही पहिल्यासारखी बोलत नव्हती.

त्या साली बाने तळ्यात पाय ठेवला नाही. आम्ही दुसऱ्याच्या धानात रोवणीला गेलो. हाल झाले, ते झालेच. माझी लाजही गेली नाही. आजही कोणी जवळ बसलं की मी आधी माझा पदर हुंगते. पण ही लाज मला कोणी दिली ते आता मला नेमकं माहीत आहे. ती मी मायच्या माथी मारणार नाही, मुकाट्याने गिळणारही नाही.

आमच्या मनात काय होतं ते आम्ही सांगू. तुम्ही फळ्यावर लिहायचं नाही. आणि आमच्या हातचं पाणी हवं असेल, तर आमच्या ताटाला ताट लावून बसा. नसेल जमत, तर विहीर तिथेच आहे, दोरही आहे. तुमचं तुम्ही ओढा.